झोपेच्या औषधावर शिंदी

डॉक्टरांनी माझ्या मालकांची पापणी वर केली, बॅटरीचा उजेड डोळ्यात टाकला, मुठीची पेरं छातीच्या हाडावर जोरानं घासली. माणूस हलला नाही. मग ते वाकले, त्यांच्या तोंडाचा वास घेतला, सरळ झाले आणि म्हणाले, "नार्कोसिस."

बिदरच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत आम्ही तिघं उभे होतो. मी, माझी सासू आणि माझा धाकटा दीर दत्तू. तिघांनाही तो शब्द कळला नाही. डॉक्टर हैदराबादचे, बोली दखनी. त्यांनी समजेल असं सांगितलं. नार्कोसिस म्हणजे औषधानं आलेली बेशुद्धी. ही झोप नव्हे. झोपलेल्याला चिमटा काढला तर तो हात झटकतो, शिवी हासडतो. ह्यात अंगाला काही समजत नाही, आणि वाढत गेलं तर श्वास घ्यायचंसुद्धा अंग विसरून जातं.

"दो चीजां मिले हैं," ते म्हणाले. "एक मैं दिया. दूसरी कौन दिया, बोलो."

आम्ही तिघंही गप्प.

त्या गप्प बसण्यात माझा नवरा जाणार होता. म्हणूनच हे सांगायला घेतलंय. तुमच्या घरात कुणाला झोपेचं औषध चालू असेल, आणि त्याच माणसाला विडीची किंवा प्यायची सवय असेल, तर हे नीट ऐका. मी काही शिकलेली बाई नाही. पण ह्या एका गोष्टीत मला कुणी शहाणपण शिकवायला येऊ नये, इतकं मी बघितलंय.

मी मुडबीची, कमठाण्याला दिलेली. नवऱ्याला मालक म्हणते. नाव घ्यायची आमच्यात रीत नाही आणि आता ह्या वयात सुरू करायची मला हौसही नाही. मालक शेती करायचे, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख गुळव्या म्हणून. उसाचा रस काहिलीत उकळत असताना पाक नेमका कधी उतरवायचा, हे ज्याच्या डोळ्याला कळतं तो गुळव्या. त्याचा डोळा लागला की गूळ करपला. त्यामुळं गुऱ्हाळाच्या हंगामात ह्यांचा रात्रीचा दिवस व्हायचा. जागं राहायला विड्या. एक विझायच्या आत दुसरी, चुलवणातल्याच निखाऱ्यावर पेटवलेली.

दर साली हंगाम संपला की हे चार-आठ दिवस आडवे व्हायचे. त्या साली शिवरात्र होऊन गेली, गुऱ्हाळ मोडलं, काहील घासून पालथी घातली, आणि झोप काही परत आली नाही. अंथरुणाला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. मग उठायचं, अंगणात बसायचं, विडी ओढायची. झोप येईना म्हणून विडी, आणि विडी ओढली म्हणून झोप येईना. आज मला हे असं एका दमात सांगता येतं. तेव्हा आम्हाला वाटायचं, बिचाऱ्याला तेवढाच विरंगुळा.

हळूहळू माणूस बदलला. हसरा गडी, पण भांडं पडलं तरी अंगावर यायला लागला. डोळे लाल, हात थरथरायचे, जेवण कमी झालं. देवऋषी झाला, तळपायाला काशाच्या वाटीनं तूप घासून झालं, जायफळ उगाळून झालं. मग एक दिवस मोट हाकताना, मोटेच्या नाड्यावर, म्हणजे दोरावर, बसल्या जागी त्यांना डुलकी लागली. बैल जुने होते, आपोआप थांबले. ते थांबले नसते तर हे विहिरीत गेले असते. त्या दिवशी मी सासूला सांगितलं की आता देवऋषी पुरे, ह्यांना बिदरला डॉक्टरकडं न्यायचं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. आत्याबाई कधी नाही ते एका शब्दात हो म्हणाल्या.

डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती बघितली, जीभ बघितली. विड्या ओढता का विचारलं. मालक म्हणाले, एखादी. मी पदराआडून खोकले. दिवसाला अख्खं बंडल ओढणारा माणूस एखादी म्हणतो तेव्हा बायकोनं आणखी काय करायचं. आत्याबाईंनी माझ्या दंडाला चिमटा घेतला, तशी मी गप्प बसले. मग डॉक्टरांनी शराब पिता का विचारलं. नाही म्हणून आम्ही सगळ्यांनीच मान हलवली. आणि हे मात्र खोटं नव्हतं. आमच्या घरात दारूचा थेंब येत नव्हता. मव्हाची भट्टी लावणाऱ्याला आत्याबाई उंबऱ्याच्या आत घ्यायच्या नाहीत.

औषध मिळालं ते क्लोरल हायड्रेट. झोप आणणारं औषध. बाटलीत पातळ, वासाला उग्र, आणि जिभेवर ठेवलं की चटका. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली, एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. डोस म्हणजे एका वेळेला घ्यायचं तेवढं औषध. त्यात भरपूर पाणी घालून घ्यायचं, आणि घेतल्यावर सरळ आडवं व्हायचं. ह्याच्याबरोबर शराब नक्को, असं डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही मनात म्हटलं, आमचा काय संबंध.

औषध घेतल्यावर डोळे जड व्हायचे. पण मालकांचा हात सवयीनं उशाच्या विडीकडं जायचा. विडी ओढली की पुन्हा तरतरी. एकदा तर ओढता ओढताच औषधानं गाठलं. विडी वाकळेवर पडली आणि वाकळ धुमसायला लागली. मी जागी होते म्हणून बरं, तांब्याभर पाणी ओतलं. ह्यांना भाजल्याचीही शुद्ध नव्हती, मांडीवर फोड आलेला सकाळी दिसला. झोपेचं औषध घेऊन ज्यानं अंथरुणात विडी पेटवली त्यानं घर पेटवलं, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

झोप काही पुरी होईना. पुन्हा बिदर. डॉक्टरांनी मांडीचा फोड बघितला आणि या खेपेला मी पदराआडून खोकले नाही, सरळ सांगितलं. बंडल सांगितलं, उशाशी ठेवतात तेही सांगितलं. डॉक्टर मालकांवर चिडले. म्हणाले, तंबाखूत निकोटिन असतं. निकोटिन म्हणजे तंबाखूतलं ते विष जे तलफ लावतं, काळीज जोरात पळवतं आणि मेंदूला जागं ठेवतं. औषध खाली ओढतं, निकोटिन वर ओढतं, मधल्यामध्ये तुम्ही. त्यांनी डोस वाढवला आणि विडी बंद करा म्हणून बजावलं.

आता पुढचं नीट ऐका, कारण चूक इथं झाली, आणि ती डॉक्टरांचं ऐकूनच झाली.

मालकांनी विडी सोडली. खरंच सोडली. बंडल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले चुलीत घाल. मी घातलं. पण सोडल्यावर त्यांचं जे काय झालं ते बघवत नव्हतं. बसल्या जागी पाय हलवायचे, बाजेचा सुंभ उसवत बसायचे, कपाळाला घाम. आत्याबाई म्हणाल्या, ही उष्णता आहे. गुऱ्हाळाच्या चुलवणाची धग अंगात मुरलीय आणि त्यावर हे चटका देणारं औषध. अंगाला थंड काहीतरी पाहिजे.

आमच्याकडं थंड म्हटलं की शिंदी. रानखजुरीच्या झाडाला चीर देऊन मडकं बांधायचं, त्यात गळणारा रस म्हणजे शिंदी. उन्हाळ्यात लेकरांच्या अंगावर घामोळं आलं तरी घोटभर देतात, बाळंतिणीला देतात, कावीळ झालेल्याला देतात. शिंदीला आमच्यात कुणी दारू म्हणत नाही. दारू भट्टीत गाळतात, शिंदी झाडावरून येते. दारू पिणारा गटारात पडतो, शिंदी पिणारा घरी येऊन भाकरी खातो. इतकं ते आमच्या डोक्यात पक्कं होतं.

त्यात दुसरी एक रीत. आमच्याकडं वैद्य कुठलंही औषध नुसतं देत नाही. मधात घ्या, तुपात घ्या, आल्याच्या रसात घ्या, असं काहीतरी सांगतोच. त्याला अनुपान म्हणतात. डॉक्टरांनी पाण्यात घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा आत्याबाईंना वाटलं शहरातल्या माणसाला अनुपानातलं काय कळतंय. क्लोरलनं घसा जळायचा, दोनदा उलटी झाली होती. दत्तूनं सकाळी उतरवून सावलीत ठेवलेली शिंदी संध्याकाळी शेतातून आणली, आणि आत्याबाईंनी औषध त्यात मिसळून दिलं. जळजळ झाली नाही. विडीची तलफ शमली. आणि मालक झोपले.

माय, काय आनंद झाला घरात. कित्येक दिवसांनी त्यांचं घोरणं ऐकलं. सकाळी उठले तेव्हा जीभ जराशी जड होती आणि चालताना भिंत धरली, पण झोप लागली म्हणून सगळे खूश. मग रोजच तसं सुरू झालं. डॉक्टरांनी विडी बंद सांगितली, विडी बंद होती. दारू नको सांगितली, दारू नव्हती. आम्ही डॉक्टरांच्या शब्दाबाहेर नव्हतो.

चैत्र सरत आला आणि ऊन एकदम तापलं. त्या दिवशी दत्तूनं मडकं सकाळच्या ऐवजी दुपार टळल्यावर उतरवलं. शिंदी फसफसत होती, वास दारातून आत यायच्या आधी आला. मालक दिवसभर मळ्यात राबून आलेले, त्यांनी एक तांब्या रिकामा केला, वर दुसरा मागितला, आणि त्याच्यातच औषध घेतलं. दिवेलागणीलाच आडवे झाले.

सकाळी उन्हं अंगणात आली तरी उठले नाहीत. आत्याबाईंनी मला जातं थांबवायला लावलं. ओठावर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "झोपू दे लेकराला. लई दिसांनी झोपायलाय."

आणि आम्ही ती झोप राखत बसलो. दारातल्या चिमण्या हाकलल्या, शेजारीण हाक मारत आली तिला बाहेरूनच परत लावलं, बादली आपटली म्हणून मी गड्यावर डोळे वटारले. आत माणूस मरायला लागलेला, आणि आम्ही बाहेर त्याची झोप मोडू नये म्हणून चवड्यावर चालत होतो.

मी न्याहारी झाकून ठेवायला आत गेले. घोरणं वेगळंच वाटलं. लांब, खरखरतं, मधेच बंद. बंद झालं की मी थांबायची, आणि पुन्हा सुरू झालं की सुटकेचा श्वास टाकायची. असं दोन-तीन वेळा झालं. मग बघितलं तर त्यांच्या ओठावर माशी बसली होती. उडाली, परत बसली, ओठाच्या कडेनं आत चालत गेली. ओठ हलला नाही.

"अहो, ऐकायलाव का?" मी म्हटलं. मग दंड धरून हलवलं. मग गालावर मारलं. नवऱ्याला हात लावायचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग, आणि मी चांगला जोरानं लावला. अंग गार, ओलं, आणि ओठ जांभळट. मी जी किंचाळले ती गल्लीपर्यंत गेली असणार.

आत्याबाई पाणी घेऊन धावल्या. तोंडात ओतणार तोच मी तांब्या हिसकला. शहाणपणानं नाही हो, रागानं. मला सगळ्याचाच राग आला होता, पाण्याचाही. पुढं डॉक्टर म्हणाले की ते पाणी घशाखाली न जाता छातीत गेलं असतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. पाणी नको, कांद्याचा रस नको, काहीच नको.

दत्तूनं गाडी जुंपली. खाली कडबा, वर वाकळ. उताणं झोपवलं की घरघर वाढायची, कुशीवर वळवलं की जरा कमी व्हायची, म्हणून मी त्यांना कुशीवर धरून, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. हेही नंतर कळलं की बरोबर होतं. बेशुद्धीत जीभ मागं पडते आणि वाट बुजवते, कुशीवर असलं की पुढं राहते.

कमठाणा ते बिदर ही वाट मी किती वेळा गेले असेन. त्या दिवशी ती संपेना. माझा तळहात त्यांच्या नाकाजवळ होता. ऊब लागली की वाटायचं आहेत. ऊब लागली नाही की मी दत्तूला पळव म्हणायची, आणि बैल पळाले की धक्क्यानं पुन्हा एक श्वास यायचा. आत्याबाई समोर बसून नुसतं लेकराचं नाव घेत होत्या. मला माझ्या लेकीचं लग्न दिसायला लागलं, तिच्या बापाशिवायचं. डोक्यात काय काय येतं अशा वेळी. मी स्वतःलाच शिव्या दिल्या आणि परत नाकाजवळ हात धरला.

असे आम्ही दवाखान्यात पोचलो, आणि डॉक्टरांनी ते विचारलं. दुसरी चीज कुणी दिली.

मला कळलं ते काय विचारतायत. त्यांनी तोंडाचा वास घेतला तेव्हाच मला रात्रीची शिंदी आठवली होती. मी दत्तूकडं बघितलं. दत्तू खाली बघत होता. त्याचं कारण मला ठाऊक होतं. शिंदीचं झाड आपल्या बांधावरचं असलं तरी आपलं नसायचं. आबकारीचा, म्हणजे दारूच्या करखात्याचा, माणूस झाडांवर नंबर टाकून जायचा, आणि नंबर नसलेल्या झाडाला चीर दिली की गुन्हा. सापडला तर कोठडी. आमच्या बांधावरच्या झाडावर नंबर नव्हता. आणि डॉक्टर म्हणजे सरकारी माणूस.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा एक लेक समोर निपचित पडलेला, दुसरा मान खाली घालून उभा. एकाला वाचवायला तोंड उघडलं तर दुसरा जातो. मी त्यांना दोष देत नाही. आई म्हणून त्यांना बोलता येईना. पण मी आई नव्हते ना, मी बायको होते.

"शिंदी पिले," मी म्हटलं. "औषध शिंदीतच दिलंय. रोजच देतोय."

दत्तू दचकला. मी पुढं बोलतच गेले. "आमच्याच झाडाची हाय. नंबर न्हाई झाडाला. कुणाला धरायचं ते मागनं धरा साहेब, आधी ह्यांचं बघा."

डॉक्टर बाह्या वर सारत माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "मैं डॉक्टर हूं अम्मा, आबकारी का नाका नहीं. कितना पिए, कब पिए, वो बोलो."

तेव्हा दत्तूला तोंड फुटलं. किती तांबे, किती आंबलेली, कधी घेतली, सगळं त्यानंच सांगितलं, रडत. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं आणि त्यानंतर त्या खोलीत कुणी बसलं नाही.

स्टमक वॉश म्हणजे पोट धुणं. रबराची नळी तोंडातून पोटात घालतात, वरून नरसाळ्यासारख्या चाडीनं कोमट पाणी सोडतात, आणि नळी खाली करून परत काढतात. आंबलेला वास खोलीभर पसरला. मग त्याच नळीतून कडक काळी कॉफी पोटात सोडली. दंडात कॅफीनचं इंजेक्शन दिलं. कॅफीन म्हणजे कॉफीत असतं ते, जागं करणारं. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना लावल्या, कारण अंग गार पडत चाललं होतं. नर्सबाई कानडी होत्या, मला अक्का म्हणायच्या. त्यांनी माझ्या हातात एक बाटली देऊन पायाशी धरायला लावली. मला काहीतरी करायला दिलं हे त्यांचे उपकार. नुसतं उभं राहायला लागलं असतं तर मी कोसळले असते.

आणि मग श्वास थांबला.

मी छातीकडंच बघत होते. खाली गेली ती वर आलीच नाही. डॉक्टरांनी त्यांना उताणं केलं, नर्सबाईंनी जीभ चिमट्यानं पुढं ओढून धरली. डॉक्टरांनी दोन्ही हात मनगटात धरून डोक्यामागं नेले आणि परत आणून छातीवर दाबले. आर्टिफिशिअल रेस्पिरेशन. माणूस स्वतः श्वास घेत नाही तेव्हा दुसऱ्यानं त्याच्या हातांनी त्याची छाती भात्यासारखी चालवायची. वर, खाली, दाब. वर, खाली, दाब. डॉक्टर घामाघूम झाले, तेव्हा त्यांनी दत्तूला बोलावलं आणि दाखवून दिलं.

दत्तू गुऱ्हाळावर चरकात ऊस लावणारा, ताकदीचा गडी. त्यानं भावाचे हात धरले. डॉक्टर इंजेक्शन भरत होते, बोटानं नाडी बघत होते, मधेच थांब म्हणायचे. दत्तू थांबला की आम्ही सगळे त्या छातीकडं बघायचो. हलायची नाही. पुन्हा सुरू. पुन्हा थांब, पुन्हा नाही. दत्तू रडत नव्हता आता. दात आवळून तो काम करत होता, आणि प्रत्येक दाबाला पुटपुटत होता, "घे अण्णा. घे."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकलं होतं एवढं आठवतं. एकदा डॉक्टर थांब म्हणाले, दत्तू थांबला, आणि छाती आपोआप वर आली. थोडीशीच. मग खाली. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा वर. डॉक्टरांनी दत्तूच्या खांद्यावर हात ठेवला, पण हातानंच खूण केली की जागा सोडू नको.

दिवस मावळायच्या सुमाराला नर्सबाईंनी तळपायाला टाचणी टोचली आणि मालकांनी पाय मागं घेतला. मला रडू आलं ते तेव्हा. अख्ख्या दिवसात पहिल्यांदा. आणि शुद्धीवर येता येता त्यांनी पहिलं काय केलं असेल तर नर्सबाईंना एक शिवी दिली. नर्सबाईंना मराठी बेताचीच यायची, त्यामुळं त्या हसल्या. मीही हसले आणि हसता हसता पुन्हा रडले.

पुढचे दिवस दवाखान्यातच गेले. डोकं फुटेल असं दुखायचं, पोटात अन्न ठरायचं नाही, घसा नळीनं सोलवटलेला. कफ झाला, ताप आला, तो उतरला. डॉक्टर रोज यायचे आणि रोज थोडं समजावून सांगायचे. अल्कोहोल म्हणजे दारूतला नशेचा अंश. तो भट्टीतच होतो असं नाही. गोड रस उन्हात राहिला, आंबला, फसफसला की त्यात तो तयार होतो. क्लोरल मेंदूला गुंगी आणतं, अल्कोहोलही तेच करतं. दोन्ही एकाच वेळी पोटात गेली तर एकाची गुंगी दुसरं वाढवतं. आणि आमच्या बाबतीत आणखी एक झालं. विडीशी झगडायला म्हणून डोस वाढवला होता. विडी गेली, डोस तसाच राहिला, आणि विडीच्या जागी शिंदी आली. वर ओढणारं कुणी उरलं नाही, खाली ओढणारे दोघं झाले.

आत्याबाईंनी एकदा विचारलं की शिंदी तर थंड असते, मग असं कामून झालं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, थंड-गरम मला माहीत नाही, पण मी नुसतं शराब विचारलं, शिंदी विचारायला पाहिजे होती, हे मला आज कळलं. इतका मोठा माणूस आमच्यासारख्यांसमोर असं बोलला. त्यानंतर आत्याबाईंनी त्यांचं एक वाक्य खाली पडू दिलं नाही.

दत्तूला धरायला कुणी आलं नाही. डॉक्टर कुणाशी बोलले नाहीत. त्याचं त्यानंच ते मडकं फोडलं.

घरी आलो तेव्हा औषध बंद. विडी बंद. शिंदी बंद. झोप कशी आणायची ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते इतकं साधं होतं की आम्हाला पटेना. रोज ठरल्या वेळी उठायचं, झोप लागो न लागो. दिवसा अंग हलवायचं. झोप येईना तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं, पण तंबाखूला शिवायचं नाही. सुरुवातीला फार वाईट गेलं. मग डुलकी लागायला लागली, मग जरा जास्त. महिन्याभरात ते बरे झाले असं म्हणणार नाही. पावसाळा अर्धा सरेपर्यंत थोडं थोडं करत झोप परत आली. त्यानंतरच्या साली गुऱ्हाळ लागलं तेव्हा त्यांनी काहिलीवर दुसरा गडी जोडीला घेतला आणि पाळ्या लावल्या. गुळव्यानं पाळी घ्यायची हे आमच्याकडं कुणी ऐकलं नव्हतं. लोक हसले. हसू देत.

ज्यांच्या घरी असं औषध आहे त्यांना माझं इतकंच सांगणं. आपल्याकडं ज्याला दारू म्हणत नाहीत तेही डॉक्टरांना सांगा. शिंदी सांगा, ताडी सांगा, वैद्याचा काढा आंबवलेला असेल तर तोही सांगा. विडी, चिलीम, पान-तंबाखू, किती ते खरं सांगा. सोडली असेल तर तेही जाऊन सांगा, म्हणजे डोस परत बघता येतो. लाज वाटली तर वाटू द्या. भीती वाटली तरी सांगा. आणि माणूस फार गाढ झोपला असेल तर त्याची झोप राखत बसू नका, उठवा. चिडला तर चिडू दे. चिडला म्हणजे जिवंत आहे.

त्या डॉक्टरांची पुढं बदली झाली. नर्सबाईंना मी एकदा गुळाची ढेप दिली, त्यांनी घेतली. याहून जास्त आभार मला मानता आले नाहीत. मनात मात्र रोज मानते.

एक गोष्ट राहिली. घरी आल्यावर मालकांना झोप यायला लागली, आणि माझी गेली. ते आडवे झाले की मी उठून बसायची. छाती वर येतेय का बघायची. श्वास जरा लांबला की मी त्यांना हलवून उठवायची. बिचारे उठायचे, कूस बदलून पुन्हा झोपायचे. दिवसा माझ्या हातून पीठ सांडायचं, दूध उतू जायचं, लेकीवर मी विनाकारण खेकसायची. आत्याबाईंनी विचारलं तर म्हणायची काही नाही.

एक दिवस दुपारी मी चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडले. हात जाळात जाणार तोच मालकांनी धरला. त्यांनी मला उठवलं, बाजेवर नेऊन बसवलं. मी म्हटलं, मला झोपायचं नाही. मी झोपले आणि तिकडं तुमचा श्वास थांबला तर कुणाला कळणार. हे मी आतापर्यंत कुणालाच बोलले नव्हते. बोलले आणि हुंदका फुटला.

ते बाजेच्या कडेला, जमिनीवर बसले. माझा हात घेतला आणि आपल्या छातीवर ठेवला. सदऱ्याखाली छाती वर येत होती, खाली जात होती.

"झोप तू," ते म्हणाले. "मी जागाच हाय."